रिकाम्या टोपलीचं वजन

पांढरकवडा
१४ नोव्हेंबर २०२५

अनघा,

वर आशीर्वाद लिहिले होते, मग खोडले. तू घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षं झाली, आता मीही लावत नाही. पत्र निदान हातात तरी पडतं. फाडायचंच असेल तर आधी एवढं पान वाच आणि मग फाड.

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, हैदराबादच्या गाडीला निघताना, तू मला एकच गोष्ट विचारली होतीस. "बाबा, तुम्हाला माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. तू बॅग उचलून गेलीस. हे पत्र त्याबद्दल नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू पुढचं वाचशील. हे पत्र मांजराच्या पिल्लाबद्दल आहे.

आईची भुरी मांजर तुला आठवत असेल. आई गेल्यावर ती आठ दिवस ओट्यावर बसून ओरडत होती, मग माझ्याकडून पोळी खायला लागली. महिन्यापूर्वी मागच्या न्हाणीत तिला तीन पिल्लं झाली. गेल्या रविवारी ती बायपासवर ट्रकखाली आली. मी जाऊन उचलून आणली आणि लिंबाखाली पुरली. पिल्लांचं काय करायचं ते मला कळेना. मी बशीत गाईचं दूध ठेवलं. दोन पिल्लं बुधवारी सकाळी ताठ झालेली सापडली. एक आहे. पांढरी, कानाशी तपकिरी डाग, मादी. तू आईला पीठ मोजायला मागवून दिलेल्या काट्यावर ठेवली तर काल दोनशे ऐंशी ग्रॅम भरली. तिला हगवण लागली आहे.

शेजारच्या विमलताई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे पोट्टं काई जगत नाई. कायले जीव लावून राह्यले?" मी म्हटलं, मी जीव लावत नाही, दूध पाजून राहिलो. त्यांनी तोंड वाकडं केलं. शेती करणारं घर त्यांचं, ढोरं-वासरं जन्मभर पाहिलेली, त्यांचं बोलणं खोटं नसतं. म्हणूनच मला राग आला.

तू सातवीत असताना चपलांच्या खोक्यात तीन पिल्लं जगवली होतीस. काहीतरी कापडाची वात करून पाजायचीस. काय पाजायचीस? मी तेव्हा घरातच होतो, पण पाहिलं नाही. हंगाम होता, खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागायची आणि घरी येऊन मी पेपर वाचत बसायचो. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. आता तुलाच विचारतो. सोबत पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवलं आहे. काय पाजायचं तेवढं लिही, दुसरं काही लिहू नकोस.

बाबा

——

१७ नोव्हेंबर

अनघा,

तुझं कार्ड यायला वेळ लागणार, आणि कदाचित येणारही नाही. तोवर थांबलो असतो तर पिल्लू गेलं असतं, म्हणून आज जनावरांच्या दवाखान्यात गेलो. टोपली मांडीवर घेऊन रांगेत बसलो होतो. पुढे एक म्हैस, दोन बकऱ्या, मागे एक बैल. लोक टोपलीत डोकावून पाहत होते. एकाने विचारलं, कोंबडी आहे का?

डॉक्टर नवीन आहे, सुरभी नावाची यवतमाळची पोरगी, तुझ्यापेक्षा लहान असेल. काय पाजलं ते सांगितल्याबरोबर माझ्यावर उखडली. "काका, गाईचं दूध? वासराला कोणी मांजराचं दूध देतं का?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच देतात. ती म्हणाली, "म्हणूनच सगळ्यांकडे मरतात." तोंडाची फटकळ आहे. पण हात चांगला आहे तिचा. पिल्लाला उचललं तर ते ओरडायचं थांबलं.

तिने सांगितलं ते लिहितो. तुला हे ठाऊक असेलच, मला लिहिल्याशिवाय लक्षात राहत नाही. पिल्लू गार असेल तर त्याला काही पाजायचं नाही, पोटात तसंच पडून राहतं. आधी बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कुशीला द्यायची, अंगात ऊब आली की मग पाजायचं. बाळासारखं उताणं धरायचं नाही. पोटावर ठेवायचं, आईला लुचतं तसं. बिनसुईच्या सिरिंजने ओठाच्या कडेने थेंब सोडायचा आणि त्याने गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर दूध फुफ्फुसात जातं. दर तीन तासांनी. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने खाली पुसायचं, म्हणजे ते लघवी करतं. पिल्लांच्या दुधाची पावडर वेगळी असते. ती इथे मिळत नाही, यवतमाळहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवली, दुपारी आली.

शेवटी ती म्हणाली, "रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन करा. रोज दहा ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. दोन दिवस वाढलं नाही तर लगेच घेऊन या. मला अंदाज नको काका, आकडा पाहिजे."

बत्तीस वर्षं कापसाचा ग्रेडर होतो मी, आणि ही पोरगी मला आकडा शिकवते. घरी आल्यावर नवी वही काढली. काट्याला शून्य करायचं बटण आहे, पण बटणावर माझा विश्वास नाही. मी आमच्या पद्धतीनेच केलं. टोपली, तळाला थोडा कापूस आणि वरचं फडकं, असं सगळं मिळून रिकामं बारदान १४६ ग्रॅम. पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. एकूणातून तेवढं वजा. पिल्लू आज २६२ आहे. हगवणीने अठरा ग्रॅम गेले.

दिवसभरात मिळून सात मिलिलिटर प्यायली. मी तेवढ्याने खूश झालो, हे तुला सांगायला हरकत नाही.

बाबा

——

२३ नोव्हेंबर

अनघा,

पोस्टकार्ड आलं नाही. ठीक आहे.

वहीतले आकडे लिहितो. २६२, २७०, २७९, २९१, ३००, ३१२, आज ३२४. रोज सकाळी आठला, चहाच्या आधी. हगवण थांबली. थंडी फार पडून राहिली आहे, म्हणून रोज मूठभर कापूस काढून तिच्या खाली सारतो. पांढरा शुभ्र, लांब धाग्याचा, विमलताईंच्या शेतातला. असा बिछाना तुला नि मला कधी मिळाला नाही.

दात आले तिला. डॉक्टर म्हणाली, आता दुधासोबत उकडलेली कोंबडी बारीक वाटून द्या. मी म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ती म्हणाली, "मांजराला पंचांग कळत नाही काका." विमलताईंनी बिनमिठाची, बिनकांद्याची उकडून वाटून दिली. आईच्या ओट्यावर न्यायचं मन झालं नाही. मागच्या अंगणात, नाकाला दुपट्टा बांधून, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट केली आणि बोटाने तिच्या हिरड्यांना लावली. तिने माझं बोट चाटलं. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा मी कोंबडीला हात लावला, आणि नंतर तीन वेळा साबणाने धुतला. आई असती तर तिने मला हसून हसून बेजार केलं असतं.

खाते मात्र थोडंच. दोन चाटे घेतले की तोंड फिरवते. नाक वाहतं जरा. विमलताई काल तिला हातात घेऊन म्हणाल्या, "भाऊ, हिच्या फासळ्या लागून राह्यल्या हाताले." मी त्यांच्यापुढे वही धरली. म्हटलं, तुमच्या हातापेक्षा काट्याला जास्त कळतं, हे पाहा, बासष्ट ग्रॅम वाढली. त्या चहा न घेताच गेल्या. मी जरा तोडूनच बोललो.

वजन वाढून राहिलं, अनू.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवला. बाहेर जाऊन आलो. आता पुन्हा बसलो आहे.

हेच वाक्य मी तुला फोनवर बोललो होतो, हे मला आठवतं. यवतमाळच्या दवाखान्यातून. आईचं वजन अडीच किलो वाढलं, शुक्रवारचं तिकीट रद्द कर, दिवाळीला मोठी रजा काढून ये. तू तिकीट रद्द केलंस आणि अकराव्या दिवशी आई गेली. तू मला खोटारडा समजतेस. पण अनू, मी काट्यावर दिसलं ते सांगितलं. एकोणपन्नासवरून साडेएक्कावन्न. तो काटा खोटा नव्हता. आणि फोन केला तेव्हा आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिच्यासमोर मी दुसरं काय बोलणार होतो, तूच सांग.

या पत्रात हे लिहायचं नव्हतं. लिहून झालं आहे, आता खोडत नाही.

बाबा

——

२८ नोव्हेंबर

अनघा,

आज सकाळी वहीत ३५२ लिहिले. पण तिने कालपासून सिरिंजही तोंडात घेतली नाही, म्हणून दवाखान्यात नेली. वही सोबत घेतली होती. खरं सांगायचं तर वही दाखवायची होती मला.

डॉक्टरने टोपलीतून तिला उचलून थेट त्यांच्या काट्यावर ठेवलं. २४७.

मी म्हटलं, मॅडम, तुमचा काटा तपासून घ्या. ती आत गेली, पाचशे ग्रॅमचं वजन आणलं आणि ठेवलं. पाचशे दाखवले. मी म्हटलं, पुन्हा ठेवा. तिने पुन्हा ठेवलं. मागे बकरी घेऊन उभा असलेला म्हातारा हसला. मग तिने पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसली नाही, अंगातलं पाणी आटलं होतं. डॉक्टरने विचारलं, "काका, रिकामी टोपली शेवटची केव्हा मोजली होती?"

मी म्हटलं, पहिल्या दिवशी.

घरी येऊन टोपली रिकामी मोजली. २५१ ग्रॅम. माझ्या वहीत १४६ लिहिलेले, खाली दोन रेघा. मधले एकशे पाच ग्रॅम म्हणजे कापूस. रोज मूठभर मीच घातलेला, आणि तो तिच्या मुताने आणि सांडलेल्या दुधाने भिजलेला. अकरा दिवस मी कापूस मोजत होतो. पिल्लू पंधरा ग्रॅमने घटलं होतं आणि मी रोज सकाळी वाढ लिहून चहा पीत होतो.

तुला हे बाहेरच्या माणसापेक्षा जास्त कळेल, तू त्या केंद्राच्या आवारात लहानाची मोठी झालीस. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, कापूस उतरवायचा, मग तीच गाडी रिकामी परत काट्यावर. दर वेळी. कालची रिकामी गाडी आज चालत नाही, चाकाला चिखल लागलेला असतो, गाडीवानाने घोंगडी टाकलेली असते. हे मी किती नव्या पोरांना ओरडून शिकवलं. आणि ओलावा तर मला यंत्राशिवाय कळायचा. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचो, मूठ दाबायचो, सोडायचो. पाणी मारलेला कापूस मी फाटकातून परत पाठवायचो, कोणी कितीही हातापाया पडलं तरी. पाण्याने फसवून माझ्या काट्यावरून एक गाडी गेली नाही.

तोच हात मी रोज या टोपलीत घालत होतो. ओलं लागत होतं बोटांना. मी मनात म्हणायचो, मुतली, म्हणजे दूध अंगी लागून राहिलं. तिला उचलून नुसत्या काट्यावर ठेवली की ती कापायची, ओरडायची. ते मला पाहवत नव्हतं. म्हणून टोपलीतच राहू दिली आणि आकडा चांगला येत होता, तो मला आवडत होता.

डॉक्टरने कातडीखाली सलाईन दिलं. नाक पूर्ण बंद झालं होतं तिचं. डॉक्टर म्हणाली, मांजराला वास आला नाही तर ते खात नाही, समोर काहीही ठेवा. वाफ द्यायची, कोमट पाण्याने नाक पुसायचं, खाणं जरा जास्त गरम करायचं म्हणजे वास उठतो. औषध बदललं. "चार दिवस आधी आणायला पाहिजे होतं," एवढं म्हणाली. त्यावर ती उखडली नाही, ते जास्त लागलं मला.

विमलताईंकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माह्याजवळ कायची माफी मांगता, भाऊ? चला, वाफ धरू तिले." आम्ही दोघांनी धरली.

पुढचं आज लिहवत नाही.

बाबा

——

३० नोव्हेंबर

अनू,

तेवीस तारखेच्या पत्रात मी लिहिलं की फोन केला तेव्हा आई शेजारी बाकावर बसली होती. ते खोटं आहे. आई आत होती, नर्स तिचं रक्त घेत होती. मी बाहेर पायऱ्यांवर एकटा होतो. दोन वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो की ती शेजारी होती, आणि हळूहळू ती मला तिथे बसलेली दिसायलाही लागली, निळ्या साडीत. पण नव्हती ती तिथे.

आता सगळं लिहितो. एकदाच लिहीन.

२६ सप्टेंबर, मंगळवार. आईने चपला काढून काट्यावर पाय ठेवला. साडेएक्कावन्न. तिला इतका आनंद झाला, अनू. म्हणाली, "पाहा, मी म्हणत होते ना, अंगी लागून राहिलं." नर्स तिला रक्तासाठी घेऊन गेली आणि डॉक्टरांनी मला थांबवलं. दार लोटलं. ते म्हणाले, हे वजन नाही, पोटात पाणी साठतंय. दंड पाहा त्यांचे, काड्या झाल्यात. लिव्हर आता काम करत नाही. पाणी काढू, ते पुन्हा भरेल. दिवस फार नाहीत. मग त्यांनी विचारलं, मूलबाळ काय? मी म्हटलं, एक मुलगी, हैदराबादला असते. ते म्हणाले, बोलावून घ्या.

त्यांनी कागदावर लिहिलं, "नातेवाईकांना कल्पना दिली आहे." खाली मी सही केली. तू तेराव्याला फाईल मागितलीस तेव्हा मी सापडत नाही म्हणालो. ती माझ्या पेटीत होती, पेन्शनच्या कागदांखाली. तो कागद या पत्रासोबत आहे. झेरॉक्स नाही, मूळ कागद आहे.

मी बाहेर आलो आणि तुला बोलावण्यासाठीच फोन लावला. खरंच त्यासाठी लावला. तू उचललास आणि तू पहिलं विचारलंस, "बाबा, वजन किती आलं?" आणि मी म्हटलं, अडीच किलो वाढलं. तू म्हणालीस, "खरंच?" मी म्हटलं, मी स्वतः काट्यावर पाहिलं. तू हसलीस. त्या हसण्यानंतर माझ्याने पुढचं बोलवेना. मग तिकीट रद्द कर म्हणालो, ते कसं तोंडातून आलं मला ठाऊक नाही. पण आलं, आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून खरं सांगता आलं असतं, ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं नाही. अकरा दिवस होते माझ्याजवळ.

तू अचानक आलीस तर आई ओळखेल आणि खचेल, असं मी विमलताईंना सांगितलं होतं. तेही पूर्ण खरं नाही. तू आली असतीस तर मला तुझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं की तुझी आई जाणार. मला ते बोलायचं नव्हतं. मी भ्यालो, अनू. फाटकातून गाड्या परत पाठवणारा मी माणूस, तुला चार शब्द बोलायला भ्यालो.

याहून वाईट एक आहे. ते तुला कोणीच सांगितलं नसतं, कारण ते मला आणि आईलाच ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी आईने विचारलं, "अनू येणार होती ना आज?" मी म्हटलं, तिला रजा नाही मिळाली. रविवारी पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. शेवटच्या दिवशी दुपारी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच. तिने तुझा राग केला नाही. म्हणाली, "नवी नोकरी आहे, नाही देत ते लोक." पण तू येऊ शकली नाहीस असं समजून ती गेली, आणि तू यायला निघाली होतीस. मी ते दोघींपासून लपवलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. मला माहीत होतं.

माफ कर असं लिहीत नाही. माफ करणं तुझ्या हाती आहे आणि मागायची माझी लायकी मला दिसत नाही. तू मला भेटावंस म्हणूनही हे लिहिलं नाही. तुला आई तुझी वाट पाहत होती हे कळायला पाहिजे होतं, आणि ते सांगणारा मी एकटाच उरलो आहे.

पिल्लू आता नुसत्या काट्यावर मोजतो. कापते, ओरडते, मोजून होईस्तोवर मी बोट तिच्या पाठीवर धरतो, मग काढतो. काल २४५. आज २५१.

बाबा

——

७ डिसेंबर, रविवार

अनू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. लिहून झालं की विमलताई त्यांच्या फोनवर फोटो काढून तुला पाठवतील. पोस्टाला चार दिवस लागतात आणि तेवढा वेळ नाही.

दुपारी त्या अंगणातूनच हाक मारत आल्या. "भाऊ, अनूनं फोन केलता मले." त्या म्हणाल्या, "तुमचं काई नाई पुसलं. पिल्लू कसं हाय, येवढंच पुसलं. मी म्हटलं, पाहून सांगतो." मग त्यांनी टोपलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी हाय म्हणून सांगू ना? तेवढीच पोरीले शांती."

मी म्हटलं, नको. काहीच सांगू नका. मी लिहितो.

ती बरी नाही, अनू. गेल्या आठवड्यात चांगलं चाललं होतं. २५१ वरून २५६, २६२, शुक्रवारी २६८. गुरुवारी पहिल्यांदा तिने वाटीत स्वतः तोंड घातलं, नाकापर्यंत माखून घेतलं, मी आणि विमलताई दोघंही हसलो. काल ती २६३ झाली आणि आज २५७. टोपलीशिवाय, कापसाशिवाय. नाक पुन्हा बंद झालं आहे. सकाळपासून काही घेतलं नाही, सिरिंज ओठाला लावली तर मान वळवते. वाफ दिली, खाणं गरम करून नाकाशी धरलं. रविवार असूनही डॉक्टर घरी येऊन सलाईन देऊन गेली. मी विचारलं, जगेल का? ती म्हणाली, "काका, मी सांगू शकत नाही. आजची रात्र आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा आहे." तिने दिलासा दिला नाही, त्याबद्दल मी तिचे आभार मानले.

आत्ता ती माझ्या बनियनच्या आत आहे, पोटाला टेकून, बाटलीपेक्षा तिथे ऊब जास्त राहते. श्वास घेते तो मला लागतो. फार हळू आहे.

तुला रजा मिळेल की नाही ते मला ठाऊक नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर विमलताईंकडे उतर, त्यांनी खोली झाडून ठेवली आहे. पण पिल्लासाठी यायचं असेल तर दिवाळीची, सुट्टीची, कशाचीच वाट पाहू नकोस. आज संध्याकाळची गाडी मिळाली तर आजच नीघ. तू पोहोचेस्तोवर ती राहील असं मी म्हणणार नाही. राहील असं मला वाटतं, पण मला तर वाटतच असतं.

तू वाटेत असताना काही झालं तर मी विमलताईंना बोलू देणार नाही. फोन मीच करीन आणि तुला सांगेन.

बाबा